झाड क्रमांक नऊ

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एक दोर आहात. कपडे वाळत घालायचा नव्हे, चांगला अंगठ्याहून जाड, झाडावर चढणाऱ्या माणसाला सांभाळणारा दोर. तुमचं एक टोक दगडूच्या कमरेला बांधलेलं आहे आणि दुसरं नलूताईंच्या हातात. सकाळचे साडेसात वाजलेत. आता दगडू सरसर वर जाणार, त्याच्याबरोबर तुम्हीही जाणार, वरून तुम्हाला गिरगावातली कौलं दिसणार, कावळ्याचं घरटं दिसणार.

आणि मग आठ वाजतात. साडेआठ वाजतात. दगडू कमरेची गाठ सोडतो आणि बिडी शोधायला लागतो. तुम्ही जमिनीवर वेटोळं घालून पडता. वाडीतलं एक मांजर येऊन तुमच्यावर बसतं. नऊ वाजतात. तरी कुणी हलत नाही, कारण दगडूने नेमकं कोणत्या झाडावर चढायचं, हेच ठरत नाही.

कंटाळलात ना? तुम्ही दोर आहात म्हणून नुसते कंटाळलात. नलूताई माणूस होत्या, म्हणून त्या वैतागल्या होत्या.

नलूताई मर्चंड्यांची परळला लाकडाची वखार. पाटीवर अजून वडिलांचंच नाव होतं : 'आनंदा मर्चंडे, जळाऊ लाकूड. कटिंग करून मिळेल.' या 'कटिंग'पायी महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फोन करून विचारायचं, घरी येऊन म्हाताऱ्या माणसाचे केस कापता का. पाटी बदलायची म्हणून त्या दहा वर्षं म्हणत होत्या. पण धंदा असा की मान वर करायला फुरसत नाही, आणि केली तर झाडच दिसायचं. पूर्वी बेकऱ्यांना गाडी गाडी लाकूड जायचं. आता बेकऱ्या गॅसवर गेल्या. राहिले लग्नाचे आचारी, जुन्या चाळीतले दोन-चार पाण्याचे बंब आणि स्मशान. म्हणून नलूताईंचा खरा भर झाडांच्या निगराणीवर होता. कुठे फांदी छाट, कुठे वाळवी लागली का बघ, कुठे वाळलेलं झाड उतरव.

वर्षभर झाडाकडे कुणी बघत नाही. मे महिना संपत आला की सगळ्या शहराला एकदम आठवतं, अरे, पावसात झाडं पडतात. मग सगळ्यांना नलूताई आजच हव्या असतात, सकाळीच हव्या असतात, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरल्यापेक्षा स्वस्तात हव्या असतात.

तर त्या दिवशी त्या फणसवाडीतल्या एका जुन्या चाळीच्या मागच्या अंगणात उभ्या होत्या. अंगणात नऊ झाडं. पाण्याच्या पंपाजवळ एक गुलमोहर होता, पूर्ण मेलेला. त्याची साल केव्हाच गळून पडली होती आणि तो पत्र्याच्या शेडवर असा कलला होता की बघणाऱ्याने आपोआप दोन पावलं मागे सरावं. त्या शेडमध्ये दुपारी वाडीतली पोरं कॅरम खेळायची.

नलूताईंनी आल्या आल्या कुऱ्हाडीच्या पाठीने त्याच्या बुंध्यावर टकटक केली होती. जिवंत झाड ठोकलं की भरलेल्या माठासारखा आवाज येतो. हा रिकाम्या डब्यासारखा वाजला.

"हा पहिल्या वादळात बसणार," त्या म्हणाल्या. "दगडू, चढ."

आणि तेव्हाच हर्षवर्धन जिना उतरून खाली आला. हा चाळीतलाच मुलगा, तिशीचा, लोअर परळला ऑफिसात होता. आज घरून काम करत होता, म्हणजे त्याला खूप वेळ होता.

"एक मिनिट, मावशी. परवानगीचा कागद बघू?"

नलूताईंना कुणी मावशी म्हटलेलं चालायचं, पण 'एक मिनिट' जोडून म्हटलेलं चालायचं नाही. तरी त्यांनी कागद दिला. परवानगीची मुदत आज संध्याकाळी संपत होती आणि त्यांना वाद नको होता.

कागदावर चार ओळी होत्या. वर लिहिलं होतं, ठिकाण : फणसवाडी. खाली, झाड क्र. १ : दोन फांद्यांची छाटणी. झाड क्र. ९ : वाळलेले, मुळापासून काढणे. आणि त्याखाली, झाडाचे नाव : वरीलप्रमाणे.

"आता इकडे या," हर्षवर्धन म्हणाला, आणि नलूताईंना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला. तिथे एक फणस उभा होता. चांगला दोन मजली, पानं काळपट हिरवी, अंगाला बारा-पंधरा फणस लटकलेले. आणि बुंध्यावर, छातीएवढ्या उंचीवर, ठसठशीत निळ्या रंगात आकडा होता : 9.

"नऊ नंबर," हर्षवर्धन म्हणाला. "आणि झाडाचं नाव वरीलप्रमाणे. वर काय लिहिलंय? फणस."

"वर फणसवाडी लिहिलंय."

"फणस त्यात आला ना."

"अरे, हे वाळलेलं आहे का? डोळे आहेत ना तुला?"

"रोज माझ्या गाडीवर टोपलीभर पानं पडतात, मावशी. वाळल्याशिवाय पडतात का? आणि गेल्या शनिवारी अख्खा फणस पडला बॉनेटवर. चार आण्याएवढा खड्डा नाही, हा बघा, परातीएवढा." त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. खड्डा खरोखर मोठा होता. नलूताईंना क्षणभर त्याची दया आली, आणि दया आल्याचाही राग आला.

"गाडी दुसरीकडे लाव."

"गिरगावात? दुसरीकडे म्हणजे कुठे, समुद्रात?"

दगडू हे सगळं ऐकत होता. तो मूळचा देवगडचा. त्याने फणसाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, हो फणस तोडूक माझो हात जावचो नाय. आधीच सांगतंय."

"तुला तोडायला कोण सांगतंय?"

"ह्यो सांगता मां."

"तो पगार देतो का तुला?"

मग त्यांनी वाडीच्या सेक्रेटरींना बोलावलं. सीताराम नाईक, वय पंच्याहत्तर. चाळीस वर्षं एका कंपनीत हेडक्लार्क होते, आणि ती कंपनी बंद पडली तरी त्यांच्यातला हेडक्लार्क चालू होता. अर्ज त्यांनीच भरला होता. ते आले, मागोमाग त्यांची नात ओवी आली. ओवी आठ वर्षांची, तिसरीतून चौथीत गेलेली, इंग्रजी शाळेतली. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि गुडघ्यांत हनुवटी घालून सगळं ऐकू लागली.

"सीतारामकाका," नलूताई म्हणाल्या, "झाडाचं नाव वरीलप्रमाणे म्हणजे काय?"

"म्हणजे वर दिल्याप्रमाणे."

"ते कळलं. वर काय दिलं होतं तुम्ही?"

"अर्जाच्या वर मी सविस्तर पत्र जोडलं होतं, नलूबाई. त्यात सगळं नमूद आहे. म्हणून अर्जात पुन्हा लिहिलं नाही. द्विरुक्ती होते."

"त्याची प्रत आहे?"

सीतारामकाकांना हा प्रश्न अपमानासारखा लागला. प्रत नाही असं कसं होईल? ते वर गेले. पाव तास गेला. बाहेर टेम्पोवाला दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. एका आचाऱ्याचा फोन आला, दुपारपर्यंत सुकं लाकूड पाठवा, बारीक फोडून पाठवा, मागच्या वेळेसारखं धूर करणारं नको. नलूताईंनी त्याला सांगितलं की लाकूड अजून झाडावर आहे आणि झाड अजून कागदावर आहे. त्याला ते कळलं नाही. बरोबरच होतं.

काका फाइल घेऊन आले. पत्र सुवाच्य होतं. 'महोदय, वाडीतील सदर झाड वाळलेले असून...'

"सदर म्हणजे कोणतं?" नलूताईंनी विचारलं.

काकांनी पत्र मागून पुढून बघितलं. "सदर म्हणजे," ते हळूच म्हणाले, "अर्जात दिल्याप्रमाणे."

नलूताई तिथेच दोराशेजारी खाली बसल्या. मांजराने थोडी जागा करून दिली.

त्यांनी परवानगी देणाऱ्या कचेरीत फोन लावला. झाडं पाहून गेलेले साहेब गेल्या आठवड्यात बदलून गेले होते. नवे साहेब सज्जन होते, शांतपणे बोलले. "बाई, मी ते झाड पाहिलेलं नाही. मी एवढंच सांगू शकतो की कागदावरचा नंबर आणि झाडावरचा नंबर जुळला पाहिजे. नाही जुळला तर काम थांबवा. नवा अर्ज करा, महिनाभरात बघू."

महिनाभरात पाऊस आला असता, आणि गुलमोहर शेडवर. पण बिननंबरी झाड परवानगीवाचून तोडलं, तर गुन्हा नलूताईंवर दाखल झाला असता आणि वडिलांच्या वेळेपासूनचं नाव एका सकाळीत गेलं असतं. आणि नंबर जुळणारं झाड तोडायचं म्हणजे हा फणस.

"मी काय म्हणतो," हर्षवर्धन म्हणाला, "तुमचाच फायदा आहे. गुलमोहराचं लाकूड काय, फुसफुस जळून जातं. फणसाचं पिवळं धमक निघतं. पखवाज करणारे उचलून नेतील."

ते खरं होतं, म्हणून नलूताई जास्तच चिडल्या. "मला लाकूड शिकवू नकोस. आणि कागदावर एक नंबरच्या झाडाची छाटणीपण आहे. ते एक नंबर कुठंय?"

हर्षवर्धनने याचाही विचार करून ठेवला होता. "गुलमोहरावर नंबरच नाही. मग उरला तोच एक नंबर. त्याच्या दोन फांद्या छाटा."

"म्हणजे मेलेल्याची छाटणी करायची आणि जिवंताला मुळापासून काढायचं?"

"कागदावर तसंच निघतंय. मी काय करू?"

"काका, तुम्ही तरी बोला. फणसाचा नंबर कितवा होता?"

सीतारामकाका अवघडले. "हे नंबर आमच्या वडिलांनी घातले होते, तेलाच्या रंगात. माझ्या आठवणीप्रमाणे फणस पहिला होता. त्याच्यापासूनच मोजायला सुरुवात." मग त्यांनी बुंध्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. "पण आठवण ही आठवण असते. इथे लेखी नऊ आहे. लेखी आहे ते खरं धरायचं, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो, नलूबाई. आता कोणत्या तोंडाने..."

"बघा," हर्षवर्धन म्हणाला.

नलूताई उठल्या. माणसांशी बोलून झालं होतं, आता झाडांशी बोलायचं राहिलं होतं. वडील त्यांना सांगायचे, फांदी कापायच्या आधी झाडाला एक पूर्ण फेरी मार. आधी खालून अर्धा काप घे, मग वरून, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नाही. पण सगळ्यांत आधी फेरी. माणूस एका बाजूने बघतो आणि झाड चारही बाजूंनी उभं असतं.

पायरीवरची ओवी त्यांना दिसली. "ये गं," त्या म्हणाल्या. "माझा चष्मा वखारीत राहिलाय. झाडांवरचे नंबर वाचून दाखव मला."

चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. ओवीला तो दिसला. ती उठली, हात फ्रॉकच्या मागे धरले आणि नलूताईंच्या बरोबर चालू लागली.

दुसऱ्या झाडावर फिकट पांढरा जुना आकडा होता. "टू," ओवी म्हणाली. पुढच्यावर, "थ्री." त्याच्या पुढच्या बकुळीवर ती थांबली. तिथे लिहिलं होतं ४.

"एट," ओवी म्हणाली.

मागून येणारा दगडू हसला. "एट नाय गो बाय. चार तो."

"एटच आहे," ओवी म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला. "वरती थोडा उघडा राहिलाय."

नलूताई चालता चालता थांबल्या. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बकुळीवरच्या ४ कडे बघितलं. मग पुढे जाऊन ५, ६, ७, ८ बघितले. सगळे पांढरे, सगळे जुने, सगळे मराठी. अख्ख्या अंगणात निळा आकडा एकच, आणि इंग्रजी आकडाही एकच.

तुमच्या लक्षात आलं का? नसेल तर कागद घ्या आणि मराठी एक काढा. १. वर वाटोळं डोकं, खाली शेपूट. आता शेजारी इंग्रजी नऊ काढा. 9. जत्रेत हरवलेले जुळे भाऊ शोभतील. एकाचं नाव एक आणि दुसऱ्याचं नऊ, एवढाच काय तो फरक. ज्याला दोन्ही घरं माहीत आहेत तो फसत नाही. पण जो एकाच घरात वाढलाय त्याला वाटतं, हा आपलाच.

नलूताईंना आता सगळं दिसलं. कुणीतरी फणसावरचा पुसट झालेला १ पाहिला, त्याला 9 समजलं, आणि चांगल्या मनाने त्यावरून निळा रंग फिरवला. गुलमोहराचा खरा ९ सालीबरोबर कधीच गळून गेला होता. सकाळचे चार तास, टेम्पोचं भाडं, दगडूच्या सात बिड्या आणि त्यांचं स्वतःचं डोकं, हे सगळं एका शेपटीपायी गेलं होतं.

त्यांना ओरडावंसं वाटलं. जीभ अगदी दातांपर्यंत आली. त्यांनी खाली बघितलं. ओवी चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढत होती आणि तिच्या चपलेच्या पट्ट्यावर निळा ठिपका होता, वाळून खपली झालेला.

"ओवी," नलूताई हळू आवाजात म्हणाल्या, "फणस आवडतो तुला?"

"त्याचा नंबर पुसट झाला होता," ओवी म्हणाली. "परीक्षा संपली तेव्हा. मला वाटलं, पावसात पुसून जाईल. मग त्याला कोण ओळखणार?"

"कुठला रंग होता?"

"चित्रकलेचा." तिने आजोबांकडे बघितलं. ते फाइल छातीशी धरून हर्षवर्धनसमोर उभे होते. "आजोबा सगळ्यांना सांगतात, ओवीचं इंग्लिश एकदम परफेक्ट."

"इंग्लिश बरोबरच आहे. झाड मराठी होतं, त्याला तू काय करणार? तुझी चूक वाचण्याची आहे, बाळ. लपवण्याची अजून झालेली नाही. ती आता यापुढे होईल किंवा होणार नाही."

एवढंच बोलून नलूताई परत फिरल्या. त्यांना वाटलं, आपण हर्षवर्धनला सगळं समजावून सांगू. त्यांनी समजावलंही. एक आणि नऊ, मराठी आणि इंग्रजी, बोटाने हवेत काढून दाखवलं.

"स्टोरी छान आहे, मावशी," हर्षवर्धन म्हणाला. "प्रूफ?"

"अरे, बाकीचे सगळे नंबर मराठी आहेत."

"मग हा एकच कुणी इंग्रजीत का काढेल? कचेरीच्या माणसाने नवा घातला असेल. काका, तुम्हीच सांगा, लेखी काय आहे?"

 काकांनी वळून बघितलं तर ओवी तिथे नव्हती. जिन्यावरून तिची पावलं वर धावत गेल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा.

नलूताईंनी निःश्वास सोडला. आठ वर्षांच्या पोरीकडून आणखी काय अपेक्षा करायची? आपणसुद्धा त्या वयात वखारीतली करवत तोडून भावाचं नाव सांगितलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली. आज काम होणार नव्हतं. त्या फणसाला हात लावणार नव्हत्या आणि गुलमोहराला लावू शकत नव्हत्या. टेम्पो रिकामा जाणार होता, आचारी शिव्या देणार होता, आणि त्या पत्र्याच्या शेडचा विचार करत त्यांना महिनाभर आभाळाकडे बघत बसावं लागणार होतं.

"दोर गुंडाळ, दगडू."

दगडूने मांजराला बाजूला केलं आणि दोर उचलला.

तेवढ्यात जिन्यावर डबडब आवाज झाला. ओवी येत होती. दोन्ही हातांनी बादली धरलेली, बादली तिच्या गुडघ्यांना आपटत होती आणि अर्धं पाणी पायऱ्यांवर सांडत होतं. काखेत भांडी घासायचा काथ्या होता. ती हर्षवर्धन आणि आजोबा यांच्या मधून सरळ फणसापाशी गेली.

"ओवी, काय चाललंय?" काका म्हणाले.

"आजोबा, हा मी काढला होता," ती म्हणाली. "चुकून."

आणि तिने काथ्या बुडवला आणि घासायला सुरुवात केली. चित्रकलेचा रंग तो, पाण्याला कितीसा टिकणार? निळे ओघळ बुंध्यावरून खाली आले, तिच्या कोपरांवरून आले, फ्रॉकवर आले. निळ्याच्या खालून हळूहळू जुना पांढरा तेलाचा रंग वर आला. आधी डोकं, मग शेपूट, आणि शेपटीला मराठी एकाचं असतं तसं वळण. सीतारामकाका पुढे झाले. त्यांनी वडिलांचा हात ओळखला. हर्षवर्धन मोबाईल खिशात ठेवून बघत राहिला.

ओवीने काथ्या बादलीत टाकला. कुणाकडेही न बघता तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, "एक." मग ती दुसऱ्या झाडापाशी गेली. "दोन." तिच्यापाठोपाठ नलूताई निघाल्या, मग दगडू दोर घेऊन, मग फाइल घेऊन काका, आणि सगळ्यांत शेवटी हर्षवर्धन. "तीन." बकुळीपाशी ती जरा अडखळली, आकड्याच्या उघड्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "चार." मग पाच, सहा, सात, आठ. पुढे पंपापाशी मेलेला गुलमोहर होता, गुळगुळीत, त्याच्यावर वाचायला काहीच नव्हतं. ओवी त्याच्यासमोर उभी राहिली, आपले दोन्ही निळे ओले तळवे त्याच्या बुंध्यावर दाबून धरले, आणि म्हणाली, "नऊ."